पारा किती उतरला होता?

आबासाहेबांनी मला फसवलं. मी सोनाबाईला फसवलं. मास्तरांनी आम्हा दोघींना फसवलं. सोनाबाई मेली, म्हणून तिच्या वाटचंही मीच लिहिते आहे.

मी हंड्यात उभी होते. तांब्याचा मोठा हंडा, माझ्या मांडीपर्यंत येणारा. पायाखाली वाळू आणि काथ्या. वर आढ्याला बांधलेला दोर दोन्ही हातांनी धरायचा आणि कमरेतून फिरायचं. उजवीकडं, डावीकडं. अर्धा तास असं फिरलं की जुनं काळं निघतं आणि तांबं आतून लाल दिसायला लागतं. कल्हईचं पहिलं काम हे. मग विस्तव, मग नवसागर, मग कथील.

ओट्यावर घरातल्या बाया बसल्या होत्या. लग्न चार दिवसांवर. एक म्हणाली, "कशी फिरती बघा. तमाशात गेली असती तर नाव काढलं असतं." सगळ्या हसल्या. पुरुषही हसले. मी फिरत राहिले.

माझ्या पायांनी घासलेल्या हंड्यात त्यांचं वरण शिजणार होतं. ते चालत होतं, कारण पायानंतर विस्तव लागतो. पण मी पाणी मागितलं तेव्हा गड्यानं हात उंच करून वरून धार सोडली. ओंजळीत निम्मं, लुगड्यावर निम्मं. मी मुसलमानाची. त्याच्या तांब्याला माझा हात लागला असता तर तो तांब्या विस्तवात घालावा लागला असता. आणि विस्तवाचं काम पुन्हा माझंच.

माझं गाव सुपे. नवरा कल्हईवाला. धुरानं त्याची छाती गेली आणि मग तोही गेला. भाता मी घेतला. बाई भाता घेऊन गावोगाव फिरते म्हणून आमच्यातलेही बोलले. मी त्यांना विचारलं, तुम्ही खायला घालणार का? सुप्यापासून इंदापुरापर्यंत मी पायी हिंडले. डोक्यावर भाता, काखेत कोळशाचं पोतं. तोंड तिखट ठेवलं. ज्या बाईनं भावात घासाघीस केली तिच्याशी मी दुप्पट घासाघीस केली. तोंड तिखट नसतं तर मी पहिल्याच वर्षी उपाशी मेले असते.

ते गाव इंदापूरच्या अलीकडं, कालव्याच्या पाण्यावरचं. आबासाहेबांचा ऊस, आबासाहेबांची केळी, इंदापूरच्या पेठेत आबासाहेबांचं दुकान. गावातल्या शाळेची जागाही त्यांचीच. सहा हंडे कल्हई करायचे होते. मी अर्धा दिवस ओट्याखाली बसून वाद घातला. एरवी कथील आणि नवसागर माझं असतं. कथील महागलं होतं. मी म्हणाले, माल तुमचा, हात माझे. आबासाहेब नको नको म्हणत शेवटी हो म्हणाले. वर म्हणाले, "काम बरं झालं तर आमच्या भावकीची समदी भांडी तुझी. कालव्यावरची सात गावं."

मला वाटलं मी जिंकले. मालाची किल्ली मी आपल्या हातानं त्यांच्या हातात दिली होती.

आता नवसागराचं सांगते. नवसागर हा पांढरा क्षार. तापलेल्या तांब्यावर टाकला की पांढरा धूर सोडून उडून जातो आणि जाताना तांब्यावरचा मळ खाऊन जातो. मग कथील धरतं. नवसागर खरा नसेल तर कथील वरवर बसतं आणि दोन उकळ्यांत सुटतं. खालचं तांबं उघडं पडतं. आंबट पदार्थ त्यात राहिला की तो कळकतो. हिरवा होतो. विष होतो.

नवसागर महाग, मीठ स्वस्त. दोन्ही पांढरी. म्हणून त्यात मीठ मिसळतात. ते ओळखायचं कसं, हे नवऱ्यानं मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं. तळहातात मूठभर नवसागर घ्यायचा आणि वर थोडं पाणी ओतायचं. खरा असेल तर विरघळता विरघळता हात गारठतो. अशी कळ येते की मूठ उघडावीशी वाटते. मीठ असेल तर उगीच जरासं गार लागतं, न लागल्यासारखं. गारवा किती, त्यावरून आम्ही सांगतो मीठ किती.

आबासाहेबांच्या दुकानाची पुडी आली. मी हंड्यातून उतरले. तळहातावर नवसागर घेतला, पाणी घातलं आणि वाट बघितली. गारवा आलाच नाही.

"आबासाहेब, ह्यात मीठ हाय. निम्म्यापेक्षा जास्त."

"कशावरनं?"

"हात गारठंना."

"अगं, नवसागर हाय का माठ हाय गार लागाया?"

ओटा हसला. ओट्यावर शाळेचे मास्तर बसले होते. हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. आबासाहेबांच्या मुलाची शिकवणी त्यांच्याकडं. ते चष्मा पुसत म्हणाले, "ती म्हणते त्यात तथ्य आहे, आबासाहेब. काही क्षार पाण्यात विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतात, पाणी थंड होतं. काही उलट उष्णता सोडतात. नवसागर पहिल्या जातीचा."

मला काय वाटलं ते कसं सांगू? माझ्या नवऱ्यानं हाताला शिकवलेली गोष्ट पुस्तकात होती! मी मास्तरांकडं बघितलं. आता हा माणूस बोलेल असं वाटलं.

आबासाहेबांनीही त्यांच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

मास्तर म्हणाले, "पण हाताचा अंदाज म्हणजे शास्त्र नव्हे. त्याला थर्मामीटर लागतो."

आबासाहेब ओट्यावरून उतरले. गड्याला म्हणाले, "हिच्या हातावर पाणी घाल." घातलं. "आता सांग."

"न्हाय गारठत."

"आणिक घाल." पुन्हा वरून धार. "आता?"

"न्हाय."

"ह्यो हात बघा. इस्तवात भाजून म्हशीच्या खुरावानी झालाय, आन ह्याला म्हणं गार-गरम कळतंय." मग आवाज खाली आला. "माझ्या दुकानाचा माल खोटा म्हणलीस. चारचौघांत म्हणलीस. आता चारचौघांत सांग, गार हाय. न्हायतर भाता उचल. मग कालव्यावरच्या एकाबी गावात पेटवायचा न्हाय."

सात गावं. मी ती मनात मोजली. आता लिहिताना खोटं कशाला बोलू?

"गार हाय," मी म्हणाले.

"मोठ्यानं."

"गार हाय, आबासाहेब."

"आता कसं!" ते म्हणाले. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. माझ्या बोटांतून खारट पाणी गळत होतं. तळहाताच्या भेगांत ते झोंबत होतं. मीठच होतं ते. झोंबून सांगत होतं.

आतापर्यंतचं गाऱ्हाणं मी पुष्कळांना सांगितलं आहे. पुढचं कुणाला सांगितलं नव्हतं.

माझ्या पिशवीत माझा स्वतःचा नवसागर होता. बारामतीहून घेतलेला, खरा. चार हंड्यांपुरता. मी आबासाहेबांना बाजूला गाठून म्हणाले, माझा वापरते, वरचं काय ते द्या, पण सहा हंड्यांना पुरणार नाही. त्यांनी विचारसुद्धा केला नाही.

"ते कडंचे दोन मागच्या पंगतीचे हायती. तितं आमची पुडी वापर. चालतंय."

मागची पंगत म्हणजे महारवाडा. लग्न उरकल्यावर उरलेलं त्या दोन हंड्यांत ओतायचं आणि दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं द्यायचं, अशी रीत.

इथं मी वाद घातला नाही. कोळशाच्या टोपलीसाठी तासभर भांडणारी बाई मी. इथं तोंडातून शब्द काढला नाही. चार हंडे मी खऱ्या नवसागरानं केले, आरशासारखे. कडेच्या दोन हंड्यांत त्यांची पुडी टाकली. ती तापल्या तांब्यावर तडतडली. मीठ तडतडतं, नवसागर तडतडत नाही. कथील धरेना. थेंब इकडून तिकडं पळायला लागले. मी कापसाच्या बोळ्यानं दाबून दाबून ते पसरलं आणि वरून चमक आणली. चमक आणता येते. आमच्या धंद्यात सगळ्यात सोपं तेच.

सोनाबाई अंगण झाडत होती. महारवाड्यातली म्हातारी. त्या गावात मी आले की पहिलं घर तिचं लागायचं. ती तिच्या तांब्यातून पाणी द्यायची. तांब्या हातात द्यायची, वरून ओतायची नाही. त्या पूर्ण कालव्यावर मला हातात तांब्या देणारं ते एकच घर.

तिनं त्या हंड्यात वाकून बघितलं.

"अगं बाई, माजं तोंड दिसतंय की ह्यात! ह्यो आमचाच न्हवं?"

"व्हय, आज्जी."

"आमच्याबी हंड्याला तेवढीच चमक दिलीस गं."

"दिली की," मी म्हणाले.

लग्न झालं. पुढच्या पंगतीला काही झालं नाही. उरलेली चिंचेची आमटी मागच्या हंड्यांत गेली. एक रात्र आणि अर्धा दिवस त्यात राहिली. दुपारी ती वाटली. संध्याकाळपर्यंत महारवाड्यात सात-आठ माणसं ओकत होती. सगळे उठले, सोनाबाई उठली नाही. तिसऱ्या दिवशी गेली. तिच्या सुनेनं, रखमानं, मला नंतर सांगितलं की हंड्याच्या तळाची दाट आमटी सोनाबाईनं हौसेनं मागून घेतली होती.

रखमा गप्प बसणारी नव्हती. इंदापूरला गेली, फौजदाराच्या दारात बसली. फौजदार येणार असं गावात कळलं. तो यायच्या आधी कागद तयार ठेवायचा होता. म्हणून मला शेजारच्या गावातून बोलावून आणलं.

चावडीवर पाटील, आबासाहेब, मास्तर, पंधरा-वीस माणसं. महारवाडा खाली, उन्हात. कागद लिहून ठेवलेला. कल्हईवालीनं मालकाचं कथील चोरलं, कल्हई पातळ मारली, म्हणून बाई मेली. खाली माझ्या अंगठ्याला जागा. मी चौथी शिकलेली, सही करते, पण त्यांनी अंगठ्याचीच जागा ठेवली होती.

मी कागद वाचला.

"अंगठा मागून," मी म्हणाले. "आधी दोन पेले आणा. मास्तर, तुमी म्हणला हुता थर्मामीटर लागतो. आणा तुमचा थर्मामीटर."

आबासाहेबांच्या पुडीतली मूठभर भुकटी मी त्याच दिवशी पदराच्या गाठीत बांधून ठेवली होती. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. माल पटला नाही की नमुना ठेवायचा ही माझी सवय. दुसऱ्या गाठीत माझा नवसागर.

मास्तर आबासाहेबांकडं बघून म्हणाले, "करून पाहायला हरकत नाही." शाळा चावडीला लागूनच. काचेची नळी आली. तिच्यात पारा, अंगावर आकड्यांची घरं. मी ती पहिल्यांदाच बघत होते. मनात म्हणाले, काचेला कुणाचं घर बघून वागायची गरज नाही. काच खरं सांगेल.

एकाच घागरीतलं पाणी दोन पेल्यांत घेतलं. एकात माझी मूठ, एकात त्यांची. मास्तरांनी काडीनं ढवळलं. नळी आधी माझ्या पेल्यात घातली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. पारा घसरत होता आणि मास्तरांचे डोळे त्याच्याबरोबर खाली जात होते. बरंच खाली गेले. मग नळी पुसून दुसऱ्या पेल्यात घातली. डोळे जरासे हलले आणि थांबले.

चावडीवरची माणसं पुढं वाकली.

मास्तर म्हणाले, "फरक आहे म्हणण्याइतका नाही."

"किती घरं उतरला?" मी विचारलं.

"ते तुला कळायचं नाही."

"आकडा कळतो मला. किती घरं?"

त्यांनी नळी फडक्यात गुंडाळली आणि खिशात घातली.

तेव्हा मला कळलं. काच खरं सांगते. पण ती ज्याच्या हातात असते त्यालाच सांगते.

मी दोन्ही पेले उचलून चावडीच्या कट्ट्यावर ठेवले. "नळी ऱ्हाऊ द्या. बोटं हायेत न्हवं समद्यांना? घाला ह्यात बोट. पाटील, घाला. एकात घाला, मग दुसऱ्यात घाला. ल्हान पोरालाबी कळंल."

पाटील हलले नाहीत. पण एक माणूस पुढं आला. माळी होता, आबासाहेबांच्या भावकीतला नव्हता. त्यानं बाही वर केली. तो बोट घालणार, तेवढ्यात रखमा खालून धावत वर आली. सासू मेलेली बाई ती, तिला कशाचा धीर असणार? तिनं एक हात या पेल्यात आणि दुसरा त्या पेल्यात घातला.

"ह्यो बर्फावानी हाय!" ती ओरडली. "आन ह्यो न्हाय! ह्यो न्हाय!"

झालं. माळ्याचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यानं तो धोतराला पुसला. पाण्याला लागलासुद्धा नव्हता, तरी पुसला. पाटील म्हणाले, "बाटलं की गं ते पानी. आता कोण हात घालंल?"

चूक माझी होती. रखमाला मी आधी थांबवायला हवं होतं. सगळ्यांचे हात घालून झाल्यावर तिला बोलवायला हवं होतं. मला रीत माहीत होती. त्या रीतीवर तर मी पोट भरत होते. आणि नमुना एकच मूठ होता, तो पाण्यात गेला.

रखमा ओल्या हातांनी माझ्याकडं बघत होती. तिच्या दोन्ही हातांना खरं कळलं होतं आणि त्या हातांची साक्ष चालत नव्हती.

आबासाहेब म्हणाले, "झाला तुजा खेळ? कर अंगठा. त्या दिशी म्हणलीच हुतीस की, गार हाय. समद्यांनी ऐकलंय."

"म्हणले हुते," मी म्हणाले. "खोटं बोलले. तेवढं लिवा. लिवा की पुडीत मीठ हाय हे हिला ठावं हुतं. तरी हिनं ती मागच्या पंगतीच्या हंड्यांत घातली. माजी चोरी ती हाय. तिच्याखाली सही करते. पर पुडी कुणाच्या दुकानची आन हंडं कुणाच्या सांगण्यावरनं, ते आधी लिवा."

"लई बोलाया लागली ही."

"मागं बोलले न्हाय म्हणून एक मेली."

कागदावर मी सही केली नाही, अंगठाही केला नाही. त्यांनी माझा भाता चावडीपुढं टाकला आणि गड्यानं विळ्यानं त्याचं कातडं उभं फाडलं. नवऱ्याच्या हातचा भाता होता. फौजदार आला, आबासाहेबांकडं जेवला आणि गेला. सात गावं गेली. पुढं कितीतरी वर्षं रखमा माझ्याशी बोलली नाही. बोलावं असं मी काही केलं नव्हतं.

मी बारामतीला आले. एका बोहऱ्याच्या पत्र्याखाली बसून पितळी डबे झाळले, बादल्यांना बुडं लावली, नवा भाता केला. पुढं त्याच रस्त्यावर स्वतःचा गाळा घेतला. आधी थर्मामीटर विकत घेतला आणि मग पत्रा. मीठ आणि नवसागर कितीतरी वेळा विरघळवून बघितले. खऱ्या नवसागरात पारा दहा-बारा घरं सहज खाली येतो. नुसत्या मिठात दोन-तीन. मास्तर, फरक म्हणण्याइतका आहे.

माझ्या गाळ्यावर एक नियम आहे. कुणाचंही भांडं असो, आधी दोन पेले मांडते. आधी मालकानं हात घालायचा, त्याच पाण्यात मग बाकीच्यांनी, मी शेवटी. ज्याला हे जमत नाही त्यानं भांडं उचलावं. पुष्कळांनी उचललं. उचलू दे. आणि भांडं कुणाच्या पंगतीचं, हे मी विचारत नाही. कुणी सांगायला लागलं तर भाता थांबवते.

एकदा मास्तर आले. मला ओळखलं नाही. पातेलं घेऊन आले होते, मुलीच्या सासरी पाठवायचं होतं. मी पेले मांडले. म्हणाले, हात घाला. त्यांनी बोट घातलं आणि झटकन काढलं. मग वर बघितलं आणि ओळखलं.

"किती घरं, मास्तर?"

"जुन्या गोष्टी कशाला काढता, बाई?"

तेव्हा मला पहिल्यांदा 'बाई' म्हणाले. बोट पुसत गेले. पातेलं न्यायला आलेच नाहीत.

आबासाहेब आता नाहीत. माझं उत्तर मी वर लिहिलं आहे, त्यातलं काही लपवलं नाही. तो आकडा बघितलेला माणूस एकच आहे, आणि तो आपल्या डोळ्यांनी बघून खोटं बोलला.

मास्तर, तुमचं पातेलं माझ्याकडं आहे. कल्हई करून ठेवलं आहे, खऱ्या नवसागरानं. न्यायला या. रखमाला निरोप धाडला आहे. तुम्ही याल त्या दिवशी तीही येईल म्हणाली. तिच्यासमोर उभे राहा आणि सांगा. पहिल्या पेल्यात किती घरं, दुसऱ्यात किती. आकडा सांगितल्याशिवाय पातेलं मिळणार नाही, आणि मी विचारायची थांबणार नाही.

पारा किती उतरला होता?